वाचक विचारतात : बॉल जॉइंट एक, मिस्त्री दोन

प्रश्न : माझी पिकअप पंधरा वर्षांची असून रावेर तालुक्यातल्या बागांमधून केळीचे घड भरून ती रोज सावद्याला जाते. गेले दोन महिने डावे चाक खड्ड्यात उतरले की खालून ‘टक्’ असा आवाज येतो, स्टिअरिंग एका बाजूला ओढते आणि डाव्या टायरची आतली कड पार गुळगुळीत झाली आहे. पुढे टॉर्शन बार असून तो खालच्या आर्मला जोडलेला आहे. एका मिस्त्रीने खालचे दोन्ही बॉल जॉइंट बदलायला सांगितले. दुसऱ्याने चासीखाली जॅक लावून चाक हलवून पाहिले आणि म्हणाला, “काही होत नही भो, ग्रीस मार अन् चालव.” कोणाचे ऐकावे? आणि हे काम घरी करता येईल का?

उत्तर : आपल्या पत्रातील ‘चासीखाली’ या एका शब्दात बहुतेक उत्तर दडलेले आहे. आपल्या गाडीच्या पुढच्या भागाचे वजन टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचे काम करणारी सळई) आणि खालचा आर्म (चासीला चाकाशी जोडणारा दांडा) यांच्यामार्फत खालच्या बॉल जॉइंटवर, म्हणजे आर्म आणि चाक धरणारा नकल यांना जोडणाऱ्या गोळा-वाटीच्या सांध्यावर येते. चासीखाली जॅक लावून चाक उचलले, तरी टॉर्शन बार त्या आर्मला खाली रेटतच राहतो आणि त्या ताणामुळे झिजलेला जॉइंटसुद्धा हाताला घट्ट लागतो. म्हणजे दुसरा मिस्त्री खोटे बोलला असे नव्हे. त्याला प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, दिसलाच नसणार.

जॅक खालच्या आर्मखाली, जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावावा, चाक जमिनीपासून चार बोटे वर घ्यावे आणि चासीखाली घोडी किंचित अंतर सोडून केवळ सुरक्षेसाठी ठेवावी. मग एकाने टायरखाली पहार घालून चाक वर उचलून सोडावे आणि दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात आर्म व नकल यांच्यामधल्या सांध्यावर नजर ठेवावी. तिथे वरखाली हालचाल दिसली आणि ती गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भरली, तर जॉइंट गेला असे समजावे. याच वेळी चाक वर आणि खाली धरून हलवून पाहावे; ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा असतो. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर प्ले जाणवला, तर आधी टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा, तपासावा.

ग्रीसविषयी माझे मत स्पष्ट आहे. रबर बूट एकदा फाटला की आपल्याकडच्या काळ्या मातीची बारीक धूळ आत जाऊन ग्रीसमध्ये मिसळते आणि ते मिश्रण गोळा व वाटी दोन्ही घासत राहते. नवे ग्रीस भरल्याने आवाज काही दिवस दबतो, झीज मात्र भरून येत नाही. झिजलेला गोळा वाटीतून निसटला तर चाक आडवे पडते आणि स्टिअरिंग हातचे जाते. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गावर भरल्या गाडीने हे घडले तर काय होईल, ते आपल्याला सांगायला नको. तपासणीत प्ले निघाला तर काम होईपर्यंत गाडी उभीच ठेवावी. कोणी जॉइंटला वेल्डिंग मारून देतो म्हणाला, तर ते मुळीच करू देऊ नये, कारण त्या उष्णतेने आतले प्लास्टिकचे अस्तर जळते आणि धातूची कठीणताही जाते.

दोन्ही बाजूंचे खालचे जॉइंट सारखेच अंतर धावले असल्याने जोडीने बदलावेत, या बाबतीत मी पहिल्या मिस्त्रीच्या बाजूचा आहे. वरचे जॉइंट मात्र प्ले असेल तरच बदलावेत.

हे काम घरी करू नये, असे मी सांगेन. टॉर्शन बारमध्ये पिळाचा मोठा ताण साठलेला असतो. आर्मला आधार न देता जॉइंटचा नट काढला, तर आर्म झटक्याने खाली येतो आणि हात मध्ये असला तर तो वाचत नाही. शिवाय काही जॉइंट आर्ममध्ये प्रेसने बसवलेले, तर काही रिव्हेटने जोडलेले असतात. गॅरेजमध्ये आपण स्वतः उभे राहून पाहावे. टॉर्शन बार सैल करायचा झाल्यास त्याच्या अ‍ॅडजस्टिंग बोल्टवर आधी रंगाची खूण केलेली असावी. जॉइंटचा निमुळता स्टड नकलमधून सोडवायला पुलर (ओढून काढायचे हत्यार) वापरावा. मध्ये ठोकायच्या दुबेळक्या काट्याने रबर बूट फाटतो, पण जुना जॉइंट टाकायचाच असेल तर त्याने बिघडत नाही. नवा नट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार आवळावा. स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे फिरवावा, मागे कधीच नाही. पिन नवीच हवी. दोन-चार रुपयांच्या वस्तूत काटकसर करणारे मिस्त्री मी पाहिले आहेत.

शेवटी गाडी सपाट फरशीवर उभी करून पुढच्या दोन्ही बाजूंची उंची मोजावी आणि ती सारखी झाल्यावरच अलाइनमेंटला न्यावी, कारण उंची बदलली की कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, बदलतो आणि आधी केलेले अलाइनमेंट वाया जाते. घासलेला डावा टायर त्याआधीच बदलून घ्यावा.