लोडरच्या बकेटचा अँगल: सीटवरून उठून बघू नका

उन्हाळा लागला की उकिरडे फोडणं आणि तलावातला गाळ उचलणं सुरू होतं. त्याबरोबर लोडरबद्दलचे, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बसवतात त्या बकेटवाल्या यंत्राबद्दलचे, फोनही सुरू होतात. या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांपैकी चार एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच घेतो.

प्रश्न: ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला यंदा फ्रंट लोडर बसवला. शेणखत भरताना बकेट कधी खालची माती उकरते, कधी खतावरून नुसतीच सरकते. सीटवरून बकेटचं पोट दिसत नाही. अँगल ओळखायचा कसा? डीलर म्हणतो सवयीनं कळेल, आणि जोर कमी वाटत असेल तर हायड्रोलिक तेलाचं प्रेशर वाढवून देतो.

बकेटचं पोट सीटवरून कोणालाच दिसत नाही. म्हणून बहुतेक जण उठून उभे राहतात. एक पाय क्लचवर, एक हात स्टिअरिंगवर, मान बॉनेटच्या पुढे. गिअर पडलेला असतो. क्लचवरचा पाय घसरला की ट्रॅक्टर उडी मारतो आणि माणूस पुढच्या चाकासमोर पडतो. तेव्हा पहिली गोष्ट: उठून बघायचं नाही. सीटवर बसून दिसेल अशी खूण करून घ्यायची.

त्याआधी आपला हात कुठे चुकतो ते बघा. बकेट जमिनीवर टेकवा, पुढे झुकवून पोट दिसेल अशी ठेवा, इंजिन बंद करा आणि बाजूला उभं राहून पोटाच्या पत्र्याची चकाकी बघा. फक्त धारेजवळची दोन-तीन इंच पट्टी चकाकत असेल तर तुम्ही बकेट नाकावर चालवताय, माती उकरतेय ती त्यामुळे. मागची टाच चकाकत असेल तर धार हवेत आहे, म्हणून खतावरून सरकते. पोट सगळीकडे सारखं घासलेलं असेल तर अँगल बरोबर. हे लोडर सांगतो, त्यासाठी डीलर लागत नाही.

आता खूण. आठ-दहा गावांत मी ही करून घेतली आहे. दहा-बारा मिलिमीटरची सरळ सळई घ्या. तिचं एक टोक बकेटच्या पाठीला वरच्या बाजूला नटबोल्टनं असं जोडा की ते फिरतं राहील. दुसरं टोक लोडरच्या हातावरून (बकेट उचलणाऱ्या दांड्यावरून) मागे, तुमच्या बाजूला आणा आणि हातावर क्लॅम्पनं बसवलेल्या पाइपच्या तुकड्यातून ओवा. बकेट झुकली की सळई पाइपमधून पुढेमागे सरकते. मग ट्रॅक्टर कोब्यावर उभा करा, बकेट टेकवा, गवंड्याची पाणसळ पोटाच्या पत्र्याला समांतर धरून बकेट सपाट करा आणि सळई पाइपच्या तोंडाशी जिथे असेल तिथे पांढरा पट्टा मारा. पट्टा पाइपच्या तोंडाशी आला की बकेट सपाट. खर्च म्हणाल तर एका डिझेलच्या कॅनपेक्षा कमी.

लोडरच्या हातावर वेल्डिंग करू नका. फॅब्रिकेशनवाला म्हणेल, दोन टाके मारतो. नको. त्या जागेला नंतर चीर जाते, आणि चीर दिसते तेव्हा बकेटमध्ये माल असतो. क्लॅम्पच लावा.

भरताना पांढऱ्या पट्ट्यावर आत शिरा. ढीग घट्ट बसला असेल तर नाक किंचित खाली, बोटभर, हातभर नव्हे. आत शिरून ट्रॅक्टर दबायला लागला की थांबा, मग बकेट मागे कलवा, मग उचला. चालत्या ट्रॅक्टरवर तिन्ही एकदम करणाऱ्यांचे पुढच्या अ‍ॅक्सलचे बुश लवकर जातात. स्टिअरिंग अचानक हलकं लागलं तर समजा की नाक जमिनीत रुतलंय आणि पुढची चाकं उचलली गेलीयत. लगेच लिव्हर सोडा.

प्रेशरबद्दल एकदाच स्पष्ट सांगतो. प्रेशर वाढवू नका. रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडून देणारी झडप, आवळणं म्हणजे ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर फोडणं. गेल्या उन्हाळ्यात एका शेतावर गेलो होतो. विक्रेत्याच्या मेकॅनिकनं व्हॉल्व्ह आवळून दिला होता. जोर कमी नव्हताच, बकेट नाकावर होती. आठवड्यात हायड्रोलिकचा पाइप फुटला, गरम तेल बॉनेटवर आणि भरलेली बकेट धाडकन खाली. बकेटखाली कोणी नव्हतं म्हणून बरं. प्रेशर वाढवू नका, मोठी बकेटही बसवू नका. दोन्ही सल्ले एकाच दुकानातून येतात.

मोठ्या बकेटचा हिशेब बघा. अर्धा घनमीटर बकेटमध्ये कुजलेलं शेणखत साधारण ३०० ते ४०० किलो बसतं. त्याच बकेटमध्ये ओला गाळ ८०० किलोच्या आसपास जातो. बकेट तीच, माल वेगळा. लोडरवर लिहिलेली क्षमता बघा आणि गाळ अर्धीच बकेट भरा.

प्रश्न: ट्रॉलीत टाकायला बकेट वर नेली की खत मागे बॉनेटवर पडतं. बकेट तर सपाटच होती.

खाली सपाट होती, वर सपाट नव्हती. साध्या लोडरमध्ये हात जितके वर फिरतात तितकीच बकेट मागे कलते. खत बॉनेटवर पडतं तिथवर ठीक आहे, पण हाच प्रकार उसाच्या मोळ्या किंवा चाऱ्याच्या गोल गाठी उचलताना झाला तर त्या हातांवरून घरंगळत थेट ड्रायव्हरच्या अंगावर येतात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरला केबिन नाही. खताच्या बकेटनं मोळ्या, गाठी उचलूच नका.

सळईची पांढरी खूण फक्त हात खाली असताना खरी, हे विसरू नका. हात ट्रॉलीच्या फाळक्याच्या उंचीला न्या, बकेट पुन्हा सपाट करा आणि तिथे लाल पट्टा मारा. पाणसळ या वेळी वर धरायची नाही, उचललेल्या बकेटखाली जायचंच नाही. गडी लांब बाजूला उभा करा आणि त्याला नजरेनं सांगू द्या. मग उचलताना थोडं थोडं पुढे झुकवत पांढऱ्यावरून लालवर यायचं.

आणि मागे वजन ठेवा. आपल्या ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांना असतात. पुढे भरलेली बकेट वर गेली की मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेक दाबून उपयोग राहत नाही. "मागे काही लागत नाही, ट्रॅक्टर दमदार आहे" असं विक्रेता सांगतो, कारण उतारावर तो नसतो. मागे रोटाव्हेटर लटकवलात तरी ४००-४५० किलोची सोय होते, फक्त पीटीओ (अवजार फिरवणारा शाफ्ट) बंद ठेवा. चालताना बकेट गुडघ्याच्या खाली, मागे कललेली.

प्रश्न: लोडरला अनुदान आहे का?

महाडीबीटी पोर्टलवर यांत्रिकीकरणाच्या चालू यादीत बघा. असेल तर आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मगच खरेदी. "आधी घ्या, बिल नंतर जुळवू" म्हणणाऱ्याकडून नट पण घेऊ नका. गाळासाठी "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना एकरी जास्तीत जास्त १५,००० रुपये, अडीच एकरांपर्यंत मिळतात. बाकी तपशील मंडळ कार्यालयात विचारा.

प्रश्न: बकेट पालथी करून मागे ओढत खळं सपाट केलं. आता बकेट झुकवणाऱ्या हायड्रोलिक जॅकची दांडी वाकली आहे. वॉरंटीत मिळेल का?

मिळणं अवघड आहे. बकेट पूर्ण पुढे पाडली की जॅकची दांडी शेवटपर्यंत बाहेर असते, तेव्हाच ती सगळ्यात कमकुवत. एखादा दगड लागला की वाकणारच. मागे ओढायचंच असेल तर बकेट सपाट, लिव्हर फ्लोटवर (बकेट जमिनीच्या चढउताराप्रमाणे मोकळी वरखाली होते ती जागा) आणि ट्रॅक्टर पहिल्या रिव्हर्सला हळू. तेही वळवाचा पाऊस होऊन गेल्यावर लगेच नको, वापसा येऊ द्या. काळ्या मातीत ओलाव्यावर पुढची चाकं रुतली की कुठलाच अँगल कामाला येत नाही. खळ्यासाठी मागे जोडायचं लेव्हलर ब्लेड भाड्यानं आणा, आणि वाकलेली दांडी ठोकून सरळ करून बसवू नका. तिच्यावरच्या क्रोमला चरे पडतात आणि मग दर महिन्याला सील बदलत बसावं लागतं.