पिंग येतोय, पण स्टोरेज लिहू देतंय का?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत प्रॉक्समॉक्सचे (व्हीएम, म्हणजे आभासी संगणक चालवणारी प्रणाली) तीन होस्ट (सर्व्हर) आहेत. सगळ्या व्हीएमच्या डिस्क एकाच नॅसवर (नेटवर्कवरचं सामायिक स्टोरेज), एनएफएसने (नेटवर्कवरून फाइल वापरायची पद्धत) जोडलेल्या. मध्यंतरी नॅस अडकला आणि सगळे व्हीएम थिजले. नॅसला पिंग (‘आहेस का?’ असा नेटवर्कवरचा संदेश) मात्र जात होता, क्लस्टरमध्ये (होस्टच्या गटात) तिन्ही होस्ट चालू दिसत होते आणि एचएने (होस्ट पडला की व्हीएम दुसऱ्यावर चालू करणारी सोय) एकही व्हीएम हलवला नाही. मग एचए लावून उपयोग काय? (परभणी)

उत्तर : प्रॉक्समॉक्सचं एचए होस्टवर लक्ष ठेवतं, स्टोरेजवर नाही. होस्ट जिवंत आहे की नाही हे कोरोसिंक (होस्टना एकमेकांशी जोडून ठेवणारा प्रोग्राम) आपसातल्या नेटवर्कवर मतं मोजून ठरवतं. तुमच्या तिघांचीही मतं शाबूत होती, त्यामुळे त्याच्या लेखी सगळं आलबेल. शिवाय नॅसच बसला असेल तर व्हीएम हलवून तरी कुठे न्यायचे? तिन्ही होस्ट त्याच्याच दारात उभे. एचएचा खरा उपयोग एकाच होस्टची स्टोरेजची वाट तुटते तेव्हा होतो, आणि नेमकी तीच तपासणी तुम्हाला वेगळी बसवावी लागेल.

पिंगला उत्तर देतं ते नॅसचं नेटवर्क कार्ड आणि कर्नल. मागे डिस्कचा पूल लटकलेला असला तरी ते उत्तर देतच राहतात. म्हणून तपासणी लिहिण्याचीच हवी, आणि व्हीएम ज्या वाटेने जातात त्याच वाटेने. दर १० सेकंदांनी प्रत्येक होस्टने नॅसवरच्या आपल्या नावाच्या छोट्या फाइलमध्ये ४ केबीचा एक ठोकळा लिहावा आणि परत वाचावा. डीडी (लिनक्समधली कॉपीची आज्ञा) वापरत असाल तर लिहिताना ओफ्लॅग आणि वाचताना आयफ्लॅग ‘डायरेक्ट’ ठेवा, नाहीतर होस्टच्या रॅममधूनच उत्तर येतं आणि तुम्ही खूश. नुसती शून्यं लिहू नका. कॉम्प्रेशन चालू असलेलं स्टोरेज ती डिस्कपर्यंत नेतच नाही. त्या क्षणाची वेळ लिहा, म्हणजे वाचलेलं ताजं आहे की शिळं हेही कळतं.

गोची पुढे आहे. एनएफएस ‘हार्ड’ माउंट असतं, म्हणजे उत्तर येईपर्यंत प्रयत्न सोडत नाही (आणि व्हीएमसाठी ते तसंच हवं, ‘सॉफ्ट’ केलंत तर अर्धवट लेखनाने डिस्क बिघडतील). त्यामुळे नॅस गेला की लिहिणारी प्रोसेस चूक दाखवत नाही, नुसती अडकून बसते. पीएसमध्ये (प्रोसेसची यादी) ती ‘डी’, म्हणजे डिस्कची वाट पाहत अडकलेल्या अवस्थेत दिसते. लोड ॲव्हरेज चढत जातो, सीपीयू मात्र रिकामा. वेब पानावर राखाडी प्रश्नचिन्हं येतात तीही त्यामुळेच, कारण आकडेवारी गोळा करणारी सेवासुद्धा त्याच माउंटवर लटकलेली असते. म्हणून लिहिणारा आणि घड्याळ पाहणारा या दोन वेगळ्या प्रोसेस ठेवा. पाहणाऱ्याने नॅसला हातही लावायचा नाही, ‘डीएफ’सुद्धा (रिकामी जागा दाखवणारी आज्ञा) नाही. त्याने फक्त पाहायचं की लिहिणाऱ्याने लोकल डिस्कवर शेवटची ‘झालं’ची नोंद कधी केली. दोन्ही स्क्रिप्ट आणि लॉग लोकल डिस्कवरच हवेत.

नोंद ३० सेकंद जुनी झाली की इशारा. इशारा पाठवणारा मेल सर्व्हर त्याच नॅसवरचा व्हीएम नसावा. हा घोळ हमखास सापडतो. ९० सेकंद झाली की निर्णय, पण त्याआधी शेजाऱ्याला विचारायचं. व्यवस्थापनाच्या नेटवर्कवरून दुसऱ्या दोन होस्टच्या नोंदी पाहा. त्यांचं लिहिणं चालू असेल तर दोष आपल्या वाटेत आहे, आपण बाजूला व्हायचं. त्यांचंही बंद असेल तर दोष नॅसमध्ये, तेव्हा कोणीही रिबूट व्हायचं नाही, फक्त माणसाला उठवायचं. ही अट नसली की नॅसच्या एका उचकीत तिन्ही होस्ट एकदम खाली जातात.

बाजूला होताना नेहमीचं ‘रिबूट’ चालत नाही. ते आधी मेलेलं माउंट सोडवायला जातं आणि तिथेच अडकतं. सिसआरक्यू-ट्रिगरला (कर्नलला थेट हुकूम द्यायची फाइल) ‘बी’ दिलं की कर्नल काहीही न आवरता लगेच रिबूट होतो, इथे तेच हवं. त्यानंतर साधारण दोन मिनिटांनी उरलेले होस्ट व्हीएम उचलतात. वॉचडॉग डिव्हाइस (होस्ट थिजला की त्याला रिबूट करणारं घड्याळ) स्वतः उघडायच्या भानगडीत पडू नका, प्रॉक्समॉक्सने ते आधीच ताब्यात घेतलेलं असतं.

९० हा आकडा मंत्र नाही. दोन कंट्रोलरच्या स्टोरेजला एकावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागतो ते सुटीच्या दिवशी मोजा आणि मर्यादा त्याहून बरीच वर ठेवा.

प्रश्न : आयस्कझीच्या (नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत) दोन वाटा आहेत. एक बंद पडली तरी महिनोन्‌महिने कळत नाही. (वाळूज)

उत्तर : कळणार नाहीच, एक वाट गेली की गुपचूप दुसरीने नेणं हे मल्टिपाथचं कामच. म्हणून स्टोरेज ‘चालू आहे का’ हे विचारण्यापेक्षा ‘वाटा किती’ हे मोजा. ‘मल्टिपाथ -एलएल’मध्ये प्रत्येक लनखाली (स्टोरेजने दिलेली डिस्क) ‘ॲक्टिव्ह रेडी रनिंग’ अशा ओळी किती, हे दर पाच मिनिटांनी मोजून दोनपेक्षा कमी झाल्या की इशारा द्या. ‘फेल्ड फॉल्टी’ शब्द शोधू नका. होस्ट रिबूट झाल्यावर मेलेली वाट यादीत येतच नाही, मग शोधायला शब्दही उरत नाही.

दुसरं म्हणजे ‘नो पाथ रिट्राय’ला ‘क्यू’ दिलं असेल तर दोन्ही वाटा गेल्यावर लेखन अनंत काळ रांगेत उभं राहतं आणि चूक वरपर्यंत पोहोचतच नाही. त्याऐवजी १२ द्या. तपासणीचा अंतराल ५ सेकंद असेल तर साधारण एक मिनिट वाट पाहून चूक परत येते. आयस्कझीचा ‘रिप्लेसमेंट टाइमआउट’ मुळात १२० सेकंद असतो. मल्टिपाथ असताना तो १५ करा, नाहीतर एक वाट गेल्यावर दुसरीकडे वळायलाच दोन मिनिटं जातील.

आणि एकदा केबल हाताने उपसून बघा. दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये निघाल्या तर वाटा दोन नव्हत्याच.

प्रश्न : लाईट गेली की होस्ट यूपीएसवर चालू राहतात, तरी थोड्या वेळाने आपोआप रिबूट होतात. यूपीएस खराब आहे का? (लातूर)

उत्तर : आधी स्टोरेजचा स्विच कुठल्या बोर्डावर आहे ते बघा. होस्ट आणि स्टोरेज यूपीएसवर, आणि मधला स्विच भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये, असं असेल तर जनरेटर सुरू होऊन स्विच उठेपर्यंत स्टोरेज सगळ्यांनाच दिसत नाही. तेवढ्यात मुदत संपली की होस्ट स्वतःला संपवू शकतात. झेनसर्व्हर किंवा ओव्हर्ट या व्हीएम चालवणाऱ्या प्रणालींमध्ये हे मुद्दामच तसं ठेवलेलं आहे, त्याला दोष देऊ नका. ओव्हर्टमागचं सॅनलॉक (स्टोरेजवरचा हक्क सांभाळणारा प्रोग्राम) ८० सेकंद लिहिता आलं नाही की हक्क गेला असं धरतं. स्विच यूपीएसवर घ्या. पूर्ण अंधार झालाच, तर चालू करताना आधी स्विच, मग स्टोरेज पूर्ण उठू द्या, होस्ट सर्वांत शेवटी.

प्रश्न : व्हीएमवेअरमध्ये डेटास्टोअर हार्टबीट लावला आहे. वेगळी तपासणी लागेल का? (नांदेड)

उत्तर : तो हार्टबीट स्टोरेजची तब्येत बघत नाही. नेटवर्कवर गप्प झालेला होस्ट खरंच मेला की नुसता एकटा पडला, एवढंच तो सांगतो. तुम्हाला हवं ते व्हीएमसीपी (स्टोरेज गेलं की व्हीएम दुसऱ्या होस्टवर नेणारी सोय), व्हीएमवेअरच्याच व्हीस्फिअर ६.० पासूनचं. क्लस्टरच्या एचए सेटिंगमध्ये पीडीएल आणि एपीडी या दोन ओळी ‘डिसेबल्ड’ तर नाहीत ना ते पाहा. लन कायमचं गेल्याचं स्टोरेजने स्वतः सांगितलं तर तो पीडीएल, त्यात थांबायचं कारण नाही. नुसतीच शांतता असेल तर एपीडी: १४० सेकंद वाट, वर मुळातली ३ मिनिटं, म्हणजे व्हीएम उचलायला सव्वापाच मिनिटांच्या पुढेच. एपीडीला ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ ठेवा. दुसरा होस्ट तो व्हीएम उचलू शकतो असं दिसल्याशिवाय मग इथला बंद होत नाही.

प्रश्न : डिस्कचं स्मार्ट (डिस्कची स्वतःची तब्येत-तपासणी) ‘पास्ड’ म्हणतं, तरी अधूनमधून सगळे व्हीएम अर्धा मिनिट अडकतात. (बीड)

उत्तर : ‘पास्ड’वर जाऊ नका. स्मार्टच्या यादीतला १९७ क्रमांकाचा आकडा (वाचता न आलेले सेक्टर) शून्याहून वर असेल तर ती डिस्क बदलायला घ्या. १९९ (केबलवरच्या चुका) वाढत असेल तर आधी केबल बदला, डिस्क बहुधा ठीक असते. दोन्ही शून्य असूनही अडकत असेल तर डिस्क डेस्कटॉपची आहे का बघा. तशी डिस्क एक खराब सेक्टर वाचायला बराच वेळ झगडते, आणि लिनक्स ३० सेकंदांनी कंटाळून ती वाट रीसेट करतो. स्मार्टसीटीएल या आज्ञेने ‘एससीटी ईआरसी’ (खराब सेक्टरशी किती वेळ झगडायचं ती मर्यादा) ७०,७० म्हणजे ७ सेकंद करून पाहा. डिस्क ते घेत नसेल तर ती रेडमधून (अनेक डिस्कच्या जोडसंचातून) काढा. ही सेटिंग बऱ्याच डिस्कवर वीज गेली की पुसली जाते, म्हणून ती बूटच्या स्क्रिप्टमध्येच टाका.