टॅली येतं का, हे सगळ्यात शेवटी विचारा

दादा, कुपवाडला हळद पावडरचं छोटं युनिट टाकलंय, पाच माणसं आहेत, माल मार्केट यार्डातून घेता. आता हिशेबाला पार्टटाइम अकाउंटंट बघू, सगळं सीएच्या ऑफिसवर सोडू, की बी.कॉम. झालेल्या भाच्याला बसवू, असा तुमचा प्रश्न. सांगलीत विश्रामबागला माझं ड्रिप-पाइप फिटिंगचं दुकान आहे. २० वर्षांत हिशेबाला तीन माणसं झाली. त्यातली दोन अंगाशी आली, तिसऱ्या ताई अजून आहेत.

सीएचा विषय आधी मिटवतो. सीए ऑडिट करतील, रिटर्न बघतील, नोटीस आली तर उत्तर देतील. तुमच्या शर्टाच्या खिशातली हमालीची चिठ्ठी मागायला ते रोज येणार नाहीत. रोजचं लिहिणारा माणूस वेगळाच लागतो.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर काय, सगळ्यांनाच येतं. माझा पहिला माणूस तर कीबोर्डकडं न बघता एंट्र्या मारायचा. मी खूश. पण जे जुळत नाही ते तो सरळ 'सस्पेन्स' खात्यात ढकलायचा. मार्चअखेरीला सीएंनी ते खातं उघडलं, तर आत १ लाख ८६ हजार! त्यातले बरेचसे गिऱ्हाइकांनी यूपीआयवर चुकते केलेले उधारीचे पैसे. आणि मी वर्षभर त्याच लोकांना फोन करून तगादा लावत होतो. कवठेमहांकाळचे एक बागायतदार तेव्हापासून दुकानाची पायरी चढले नाहीत.

म्हणून ताईंना ठेवताना मी मुलाखत घेतलीच नाही. एका महिन्याचं बँक स्टेटमेंट आणि बिलांची फाइल पुढं ठेवली, म्हटलं जुळवा. दहा मिनिटांत एका ओळीवर पेन टेकवला. "हे ११,८०० कुणाला गेलेत? दहा हजार आणि वर १८ टक्के जीएसटी दिसतायत. बिल कुठंय?" मशीन दुरुस्तीवाल्याकडून मी बिल मागितलंच नव्हतं, म्हणजे १,८०० चं क्रेडिट, माझ्या भरायच्या जीएसटीतून वजा झाले असते ते पैसे, मीच सोडून दिलं होतं. चहा यायच्या आत ताई पक्क्या झाल्या.

तुमच्या धंद्यात अशीच परीक्षा घ्यायची तर यार्डातली एक पट्टी, म्हणजे अडत्याचा हिशेबाचा कागद, पुढं ठेवा. हळदीची किंमत, अडत, हमाली, तोलाई हे सगळं तो एका आकड्यात कोंबतो की सुटं करतो, ते बघा. आणि घटीचं तो आपणहून विचारतो का, याकडं कान ठेवा. साफसफाई आणि दळणात वजन घटतं. ते विचारलं नाही, तर वर्षाअखेरीस कागदावर जी हळद शिल्लक दिसेल ती गोदामात नसेल, आणि ती गेली कुठं हे तुम्हाला सांगता येणार नाही.

पार्टटाइम माणूस चालतो, पण तो आणखी किती ठिकाणी जातो ते विचारा. दरमहा रिटर्न असेल तर ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), २० ला ३बी (कर भरायचं रिटर्न), मध्ये १४ ला २बी (तुमच्या खरेदीवरच्या क्रेडिटची यादी) येतं. ज्याच्याकडं दहा दुकानं आहेत, त्याला त्या दिवसांत तुमचा फोन घ्यायला सवड नसते. त्यात तुमच्या हळदीचा सीझन नेमका मार्चअखेरीलाच. पण २बी खरेदीच्या बिलांशी ताडून बघणं त्याच्याकडून दर महिन्याला करून घ्याच. माल देणाऱ्यानं तुमचं बिल पोर्टलवर चढवलं नसेल तर क्रेडिट अडकतं, आणि हे वर्षाअखेरीस कळलं तर तो फोनही उचलत नाही.

आता दुसऱ्या माणसाची गोष्ट. माणूस प्रामाणिक, एक रुपया इकडचा तिकडं नाही. पण जीएसटी पोर्टलवर मोबाइल नंबर त्याचा. नोकरी लागली, पुण्याला गेला, नंबर बदलला. ओटीपी जायचा बंद सिमवर! नंबर बदलून घ्यायला कागद घेऊन ऑफिसच्या फेऱ्या मारल्या, तोवर रिटर्न लटकलं. लेट फी दिवसाला ५० रुपये, कर भरायचा राहिला त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज वेगळं. म्हणून पोर्टल, ई-वे बिल, टॅलीचं लायसन्स, सगळीकडं नंबर आणि ईमेल तुमचाच हवा. टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतल्या हिशेबाच्या कुलपाचा, पासवर्ड घातला असेल तर तो घरी वहीत लिहून ठेवा, विसरला तर परत मिळवता येत नाही. बँकेचं लॉगिन द्यायचं तर नुसतं बघण्यापुरतं. शनिवारी पेनड्राइव्हवर बॅकअप घ्या आणि पेनड्राइव्ह घरी न्या.

राहिला भाचा. पोरगा हुशार असेल, पण चूक झाली तर त्याला बोलणार कोण? तुम्ही बोललात तर रात्री बहिणीचा फोन येईल. तरी बसवायचाच असेल तर आधी स्टेटमेंट आणि फाइल त्याच्याही पुढं ठेवा, आणि अर्ध्या तासात "मामा, झालं" म्हणाला तर दुसरा माणूस बघा.