थर्टी फर्स्टला मुलाला मित्रांबरोबर हुरड्याला पाठवू का? दारूबिरूशिवाय पोरांची मजा कशी होईल?

तुमचा मुलगा अकरावीत आहे आणि कुणाच्या तरी रानात रात्री हुरड्याला जायचं म्हणतोय. पोरांचं नंतर बघू, आधी सांगा, तिथं मोठी माणसं कोण कोण असणारेत?

आमच्या पोराला पहिली बिअर मित्रांनी नाही, माझ्या दाजींनी पाजली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या पलीकडं त्यांचं रान, तिथं दरवर्षी हुरडा. पोरगा तेव्हा पंधराचा. आम्ही बाप्ये आगटीभोवती खुर्च्या टाकून, बाया शेंगाचटणी-दही वाढतायत, गडी कणसं भाजून चोळून देतोय, आणि पोरांना रेंज पण नाही न् काम पण नाही, नुसती घोटाळतायत. दाजींनी स्टीलच्या पेल्यात बिअर ओतली आणि ह्याच्यापुढं धरली, "घे की बे, बाहेर चोरून घेण्यापेक्षा घरच्यांसमोर घेतलेली बरी." सगळे हसले. पोरानं बघितलं माझ्याकडं. माझ्या हातात पण पेलाच होता, काय बोलणार, मी पण हसलो. दोन पेल्यांनंतर कडब्याच्या गंजीमागं उलट्या, आणि परत येताना गाडीवर माझं जर्किन धरून बसला तो घर येईस्तोवर एक शब्द नाही. (आणि हो, मी पण पिऊन गाडी चालवत होतो, ते वेगळंच.)

दुसऱ्या दिवशी दाजींना फोन केला तर म्हणाले, "तूच तर बसला होतास की समोर." त्यावर मला उत्तर नव्हतं म्हणूनच जास्त भांडलो. दोन वर्षं बोलणं बंद, ताईची मधल्यामध्ये फरफट.

आता उत्तर आहे. महाराष्ट्रात बिअरला वय २१ लागतं, कडक दारूला २५. आणि १८ च्या आतल्या पोराला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. घरच्यांसमोर दिली तर चालेल असं त्यात कुठं लिहिलेलं नाही, दाजी.

बरं, तुमचा प्रश्न. गेल्या वर्षी मी पोराला म्हटलं तूच कर हुरडा. गुळभेंडी (हुरड्याची ज्वारी) ठरवण्यापासून गोवऱ्या रचेपर्यंत सगळं त्याच्या गँगनं केलं, पहिला घाणा करपला, दोघांचे तळहात भाजले, कणीस गरम असतानाच चोळावं लागतं ना. कुणालाच रिकामा वेळ नव्हता आणि मोठ्यांचे पेले पण नव्हते, ही अट पोरानंच घातली होती. रात्रभर बाहेर राहू देऊ नका, अकराला आणायला जा, रुसला तर रुसू दे. थर्टी फर्स्ट हुकला तर काय, जानेवारीत सोलापूरची गड्डा जत्रा आहेच, होम मैदानावर पाळण्यात बसा म्हणावं पाहिजे तितकं.

आणि एक राहिलं, पोरगं आधीच घेत असेल किंवा गांजाबिंजाचा वास येत असेल तर हुरड्यानं काही होणार नाही, १४४४६ हा नशामुक्तीचा फोन आहे, फुकट आहे, तिथं बोला, मारझोड करू नका.

ह्या वर्षी दाजी येतो म्हणालेत. पेल्याचं पोरानंच सांगितलं त्यांना फोनवर, मी बाजूला उभा होतो.