वाचकांचे प्रश्न : सुटीत मोबाइल पाहिला, तर डोळ्यांना विसावा कधी?

प्रश्न : माझे काम दिवसभर संगणकावर चालते. दुपारनंतर डोळे चुरचुरतात, अक्षरे अंधुक होतात आणि कपाळ जड वाटते. जेवणाच्या सुटीत संगणक बंद असतो. तेव्हा मी मोबाइल पाहतो. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्यावा का?

उत्तर : चष्म्याआधी सुटीचा विचार करू. मोबाइल संगणकाच्या पडद्यापेक्षाही जवळ धरला जातो आणि वस्तू जितकी जवळ, तितका डोळ्यातील भिंगाचा आकार बदलणाऱ्या सिलियरी स्नायूवर ताण अधिक. तो सैल पडतो दूर पाहिल्यावर. थोडक्यात, ज्या वेळेला आपण सुटी म्हणता, त्या वेळी हा स्नायू जादा कामावर असतो.

चुरचुरण्याचे कारण मात्र वेगळे आहे. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्यांची उघडझाप करतो. पडद्यावर नजर खिळली की हे प्रमाण निम्म्यापेक्षाही खाली येऊ शकते, शिवाय पापणी अनेकदा अर्धवटच मिटते. डोळ्यावरील अश्रूंचा पातळ थर प्रत्येक उघडझापीबरोबर नव्याने पसरत असल्याने, ती लांबली की थर जागोजागी विरतो आणि डोळा कोरडा पडतो. पंख्याचा झोत थेट चेहऱ्यावर येत असेल, तर आणखी लवकर. अंधुक झालेली अक्षरे दोन-तीनदा डोळे मिचकावताच स्पष्ट दिसत असतील, तर त्यामागे बहुधा हा कोरडेपणाच असतो.

म्हणूनच दिवसातून एकदा मोठी सुटी घेण्यापेक्षा वारंवार थोडे थांबणे अधिक उपयोगी. दर २० मिनिटांनी किमान २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, असा नियम नेत्रतज्ज्ञ सांगतात. (हे आकडे लक्षात राहावेत म्हणून जुळवलेले आहेत, पाच मिनिटे इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही.) त्याच वेळी पापण्या सावकाश, पूर्ण मिटाव्यात. तासाभराने खुर्चीतूनच उठावे, म्हणजे आखडलेली मानही मोकळी होते.

राहिला चष्मा. कॉक्रेन ही संस्था एखाद्या उपायावरील वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासते; तिच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात, निळा प्रकाश गाळणाऱ्या भिंगांमुळे डोळ्यांवरील ताण, निदान अल्पकाळात, कमी होत असल्याचे आढळले नाही. तो खर्च आपण टाळावा, असे माझे मत आहे. नंबर मात्र तपासून घ्यावा, विशेषतः वय चाळिशीच्या आसपास असल्यास; आणि डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या, तर विलंब न लावता नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.