असेसमेंटमध्ये नीट बोललात म्हणून पीआयपी नाकारली असेल, तर

दादा, तुम्ही लिहिलंय की एन्सेफलायटिसनंतर (मेंदूला सूज येण्याच्या आजारानंतर) गोष्टी लक्षात राहत नाहीत, एक काम हातात असताना दुसरं सुटून जातं. तरी पीआयपीच्या, म्हणजे ब्रिटन सरकारच्या अपंगत्व भत्त्याच्या, निर्णयात सगळीकडे शून्य पॉइंट्स आले. कारण काय, तर फोनवर उत्तरं व्यवस्थित दिलीत, शंभरातून सात-सात वजा करून दाखवलेत आणि बोलण्यात गोंधळ नव्हता. आता ते पत्र पुन्हा पुन्हा वाचूनही पुढे काय करायचं ते डोक्यात राहत नाही, असं तुम्ही म्हणता.

माझ्या नवऱ्याच्या डोक्याला अपघातात मार लागला, तेव्हापासून मी या वाटेवर आहे. नंतर इथल्या बऱ्याच मराठी घरांना अपिलाचे कागद लिहायला मदत केली. म्हणून जरा सविस्तर लिहिते. एका बैठकीत वाचू नका. घरातल्या कुणाला तरी वाचायला द्या आणि त्यांच्याबरोबर तुकड्या-तुकड्याने घ्या.

आधी तारीख. निर्णयाच्या पत्रावर छापलेल्या तारखेपासून एक महिन्याच्या आत डीडब्ल्यूपीकडे (हा भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याकडे) मँडेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागावा लागतो. पत्र हातात पडलं तो दिवस धरायचा नाही, छापलेली तारीख धरायची. हे फोनवरही मागता येतं, पण फोन केलात तरी पाठोपाठ लेखी पाठवाच. पुरावे गोळा व्हायचे असतील तर आज दोन ओळी पाठवा: ‘निर्णय मान्य नाही, फेरविचार करावा, सविस्तर कारणं आणि पुरावे अमुक तारखेपर्यंत पाठवतो.’ महिना उलटून गेला असेल तरी हातपाय गाळू नका. उशिराचं सबळ कारण दिलं तर मूळ निर्णयापासून तेरा महिन्यांपर्यंत अर्ज घेता येतो, आणि आजारामुळे पत्रव्यवहार जमत नाही हे कारण सबळच आहे. ते स्पष्ट शब्दांत लिहा. (स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर तिथे अॅडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आहे, त्याची मुदत आणि पद्धत वेगळी. मी लिहितेय ते पीआयपीबद्दल.)

त्याच फोनमध्ये असेसरच्या, म्हणजे तुमची तपासणी-मुलाखत घेणाऱ्याच्या, रिपोर्टची प्रत मागा. ती न वाचता उत्तर लिहिणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

आता मुख्य गोष्ट. तुमच्यासारख्यांचा दावा नाकारला जातो तो खोटेपणाच्या संशयावरून असेलच असं नाही. बहुतेक वेळा तो ‘बोलता येतं म्हणजे करता येतं’ या समजुतीवर नाकारला जातो. ही समजूत चुकीची आहे हे मेंदूच्या तज्ज्ञांना फार आधीपासून माहीत आहे. १९८५ साली एस्लिंगर आणि दामासिओ यांनी एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. शोधनिबंधात त्याचं नाव फक्त ई. व्ही. आर. असं आहे. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ काढल्यानंतरही बुद्धीच्या चाचण्यांत तो सरस ठरत होता. प्रत्यक्षात मात्र नोकऱ्या गेल्या, पैसा बुडाला, संसार मोडला, कारण रोजचे साधे निर्णय त्याला घेता येत नव्हते. शांत खोलीत, समोरचा एकेक प्रश्न विचारत असताना माणूस छान उत्तरं देतो, कारण कामाची सगळी आखणी तो समोरचाच करत असतो. घरी ती आखणी करून द्यायला कुणी नसतं. याला फ्रंटल लोब पॅराडॉक्स म्हणतात. आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शिका काढणाऱ्या इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेची २०१८ सालची निर्णयक्षमतेवरची मार्गदर्शिका आहे, एनजी१०८. तीही सांगते की अशा रुग्णांची नुसती मुलाखत पुरेशी नसते, प्रत्यक्ष जगण्यातलं निरीक्षण जोडावं लागू शकतं. ती मार्गदर्शिका पीआयपीसाठी लिहिलेली नाही, तरी तुमच्या पत्रात तिचा उल्लेख जरूर करा.

म्हणून ‘माझी स्मरणशक्ती कमी झाली आहे’ एवढं लिहून भागत नाही. पीआयपी आजाराला पॉइंट्स देत नाही, रोजच्या ठरावीक कृतींना देते. दैनंदिन जगण्याच्या दहा आणि हिंडण्या-फिरण्याच्या दोन. प्रत्येक भागात आठ पॉइंट्सना स्टँडर्ड (साधा) दर, बाराला एनहान्स्ड (वाढीव).

२०१३ च्या पीआयपी नियमांतला चौथा नियम तर तुमच्या भिंतीवर लावावा असा आहे. एखादी कृती ‘जमते’ असं केव्हा म्हणायचं? ती सुरक्षितपणे जमली, स्वीकारण्याजोगी झाली, लागेल तितक्या वेळा करता आली आणि वाजवी वेळेत झाली, तरच. वाजवी म्हणजे निरोगी माणसाला जास्तीत जास्त लागणाऱ्या वेळेच्या दुपटीपर्यंत. या चारांतली एकही अट मोडली तर ती कृती जमत नाही असंच धरायचं. आणि सातव्या नियमाप्रमाणे हे निम्म्याहून जास्त दिवस घडत असेल तर पॉइंट्स मिळतात. त्यामुळे एखाद्या चांगल्या दिवशी सगळं जमलं हे लपवायची काही गरज नाही. चांगले दिवस किती आणि वाईट किती, हे खरं लिहा.

स्वयंपाकाचंच बघा. गॅस पेटवता येतो का, भाजी चिरता येते का, याची तुमची उत्तरं ‘हो’ असणार, आणि रिपोर्टमध्येही तेच गेलं असणार. पण भात चढवून तुम्ही दारावरच्या माणसाशी बोलायला गेलात आणि पातेलं करपून घरात धूर झाला, असं होत असेल तर ते सुरक्षित नाही. तिथे कुणीतरी सतत जवळ असण्याची गरज आहे, त्याला नियमांत सुपरव्हिजन म्हणतात आणि त्याचे चार पॉइंट्स आहेत. डीडब्ल्यूपी कधी म्हणते की असं क्वचितच होतं. २०१७ मध्ये अप्पर ट्रायब्युनलच्या (अपिलांच्या वरच्या न्यायालयाच्या) तीन न्यायाधीशांनी, एपिलेप्सी आणि बहिरेपणाच्या प्रकरणांत, हे स्पष्ट केलंय की धोका निम्म्याहून जास्त वेळा घडायलाच हवा असं नाही. तो किती संभवतो आणि घडलाच तर किती गंभीर, दोन्ही पाहायचं. धूर-आगीच्या बाबतीत हा मुद्दा फार कामाचा आहे.

दुसरा शब्द प्रॉम्प्टिंग. आठवण करून देणं, प्रोत्साहन देणं, समजावून सांगणं. आपल्या घरांत हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ती मदत आहे हेच कुणाला सुचत नाही. ‘अंघोळ केलीस का’, ‘कालचाच शर्ट घातलायस’, ‘गोळी घे’, ‘जेवलास का रे’ हे वहिनी दिवसभर म्हणत असतील तर ते सगळं प्रॉम्प्टिंग आहे. अंघोळीला दोन पॉइंट्स, कपड्यांना दोन, औषधाला एक, आणि सांगितल्याशिवाय जेवणच होत नसेल तर चार. बिलं भरणं, महिन्याचा हिशेब लावणं यात मदत लागते, त्याचे दोन. गुंतागुंतीचं पत्र समजावून सांगावं लागतं, त्याचे दोन. अनोळखी रस्त्यावर सोबत कुणी नसेल तर वाट चुकता? त्याचे फिरण्याच्या भागात एकदम दहा. तुमच्याकडे प्रत्येक गोष्ट लागू असेलच असं नाही, पण लहान आकडे जोडले की कुठल्या कुठे जातात. एकटे राहत असाल आणि आठवण करून द्यायला कुणी नसेल, तरी गरज आहे का हेच पाहिलं जातं, मदत मिळते का हे नाही.

पुरावा म्हणून सगळे जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) पळतात. जीपीने तुम्हाला घरात कधी पाहिलेलं नसतं, त्यामुळे ते चिठ्ठीत निदान आणि औषधं लिहून मोकळे होतात. ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं कशी जमतात ते पाहणाऱ्या तज्ज्ञाने) स्वयंपाकघरात काम करताना पाहिलं असेल तर तो रिपोर्ट सोन्यासारखा. न्यूरोसायकॉलॉजिस्टची (स्मरण-विचारशक्ती तपासणाऱ्या तज्ज्ञाची) चाचणी झाली असेल तर तीही द्या, मात्र आकडे ‘नॉर्मल’ असतील तर सोबत वरचा पॅराडॉक्स समजावून सांगा. पण माझ्या मते सगळ्यांत वजन असतं ते घरच्या माणसाच्या पत्राला. तारीखवार, घडलेल्या गोष्टींसह: ‘मंगळवारी नळ चालू ठेवून बाहेर गेला’, ‘तेच वीजबिल दोनदा भरलं.’ वही स्वयंपाकघरात ठेवा आणि घडेल तसं टिपा. नोंदी तुम्ही ठेवायच्या नाहीत. जे विसरलं ते विसरलेल्यानेच आठवून लिहायचं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. शिवाय मेंदूच्या दुखापतीत स्वतःच्या अडचणी स्वतःलाच पूर्ण जाणवत नाहीत असं बऱ्याचदा होतं. हेसुद्धा पत्रात लिहा, कारण असेसरने तुमच्याच तोंडचं ‘मी ठीक आहे’ उचललेलं असतं.

फेरविचारात निर्णय बदलला नाही तर खचू नका. ते कार्यालय त्याच कागदांकडे परत पाहतं, एवढंच. त्याच्या पत्राच्या तारखेपासून महिन्याच्या आत ट्रायब्युनलकडे (अपील ऐकणाऱ्या न्यायालयाकडे) अपील करा, ऑनलाइन किंवा एसएससीएस१ या फॉर्मवर. ट्रायब्युनल डीडब्ल्यूपीपासून स्वतंत्र आहे. समोर एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेला एक सदस्य असतो. नुसत्या कागदांवर निकाल घेऊ नका, सुनावणी मागा. तुमच्या आजारात माणूस समोर दिसणं आणि घरच्यांनी बोलणं यानेच चित्र उलगडतं. २०१० च्या इक्वॅलिटी अॅक्टच्या आधारे सोयी मागा: सकाळची वेळ, मध्ये विश्रांती, एका वेळी एकच प्रश्न, सोबत माणूस. थकल्यावर इंग्रजी शब्द सुचत नसतील तर दुभाष्याही मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. एक सावधगिरी मात्र हवी. पॅनेल आधी मिळालेले पॉइंट्स कमीही करू शकतं. तुमच्याकडे शून्यच आहे, तेव्हा तुम्हाला ती भीती नाही, पण हे वाचणाऱ्या ज्यांना थोडे मिळालेत त्यांनी आधी सल्ला घ्यावा.

अपील दाखल झाल्यावर डीडब्ल्यूपीचा फोन येऊन ‘एवढं देतो’ अशी नवी तयारी दाखवली जाऊ शकते. फोनवर हो किंवा नाही काहीच म्हणू नका. ‘मला आकलनाची अडचण आहे, लेखी पाठवा’ हे वाक्य कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ ठेवा.

आज एवढंच करा: त्या दोन ओळी पाठवा आणि वहिनींना किंवा भावाला सांगून सिटिझन्स अॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेची वेळ घ्या. मेंदूच्या दुखापतीसाठी हेडवे ही संस्था आहे, एन्सेफलायटिस झालेल्यांनाही तिथे मार्गदर्शन मिळतं. रिपोर्टची प्रत आली की असेसरने कुठल्या कृतीला काय लिहिलंय ते इथे टाका, नाव-पत्ता झाकून. त्यातलं एकेक वाक्य घेऊन उत्तर कसं लिहायचं ते आपण मिळून बघू.