वार्धक्यावरील संशोधन ज्येष्ठांपुढे मांडताना

साठीपुढील स्त्री-पुरुषांच्या चालण्या-फिरण्याच्या क्षमतेवरील आपल्या संस्थेचा अभ्यास पूर्ण झाला आहे. त्याचे निष्कर्ष आणि निरोगी वार्धक्याविषयीचे इतर संशोधन ज्येष्ठ नागरिक संघांपुढे कसे मांडावे, स्लाइड किती ठेवाव्यात आणि वृत्तपत्राला बातमी केव्हा द्यावी, असे आपण विचारले आहे. अशा सभा मी बरीच वर्षे घेत आले आहे, त्या आधारे सविस्तर लिहिते. स्लाइड दहाच्या आत ठेवाव्यात, त्याबद्दल फार विचार करण्याची गरज नाही. कोणताही टक्का सांगताना तो कोणत्या माणसांपैकी, किती माणसांपैकी आणि किती काळातला, हे मात्र त्याच वाक्यात सांगावे. या एका पथ्यावर बाकी बहुतेक सगळे अवलंबून असते.

आपल्या विषयाच्या जवळचे उदाहरण घेते. अमेरिकेतील ८ केंद्रांवर झालेल्या ‘लाइफ’ या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत ७० ते ८९ वयाचे १,६३५ जण होते. ते सगळे बैठ्या सवयीचे होते आणि त्यांच्या हालचाली मंदावलेल्या होत्या, तरी ४०० मीटर अंतर ते स्वतःच्या पायांनी चालू शकत होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला चालण्याचा, पायांत बळ आणणारा आणि तोल सावरण्याचा व्यायाम देण्यात आला, तर दुसऱ्या गटासाठी आरोग्यविषयक व्याख्याने ठेवण्यात आली. सरासरी २.६ वर्षांच्या काळात ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावलेल्यांचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत ३०.१ टक्के आणि व्याख्याने ऐकणाऱ्यांत ३५.५ टक्के निघाले. ‘व्यायामाने धोका १८ टक्क्यांनी घटतो’ असा याचा मथळा करता येतो आणि तो खोटा ठरत नाही, परंतु समोर बसलेल्या माणसाला त्यातून स्वतःसाठी काहीच कळत नाही. शंभर जणांनी नुसती व्याख्याने ऐकली तर त्यांपैकी पस्तीस-छत्तीस जणांचे चालणे अडले आणि शंभर जणांनी व्यायाम केला तर तीस जणांचे, असे सांगितले की सभागृहातील प्रत्येकाला हिशेब कळतो. व्यायाम करूनही तीस जणांचे पाय थकले, हेही त्यातून आपोआप सांगितले जाते. नेमाने फिरायला जाऊनही ज्यांचे गुडघे साथ देईनासे झाले आहेत, त्यांना ते ऐकण्याची फार गरज असते. नाहीतर ती माणसे सभेतून अपराधी मनाने घरी जातात.

मीटरमध्ये सांगितलेले अंतरही तसे हवेतच राहते. सभेच्या आदल्या दिवशी संघातील दोन सभासदांना बरोबर घ्यावे, विरंगुळा केंद्राच्या दारापासून ४०० मीटर अंतर टेपने किंवा मोबाइलवर मोजावे आणि ते नेमके कोठे संपते ते पाहावे. ते बँकेच्या पायरीशी संपत असेल, तर सभेत ‘इथून बँकेपर्यंत, मध्ये कोठेही न बसता, कोणाचा हात न धरता, पंधरा मिनिटांच्या आत’ असे सांगावे, कारण त्या चाचणीची अट हीच होती आणि काठी वापरण्याची मुभा होती. हे वाक्य उच्चारले की लोक आपापसांत बोलू लागतात, कोण जाऊ शकतो आणि कोणाला मधल्या पारावर टेकावे लागते याची चर्चा सुरू होते. तिला थांबवू नये. आपल्या अभ्यासाचा विषय तोच असल्यामुळे आपण काय मोजले हे लोकांना त्या चर्चेतूनच समजते. त्या चाचणीत ज्या गटाचे निष्कर्ष कमी चांगले आले, त्याला व्याख्यानेच दिलेली होती, ही गोष्ट आपण वक्त्यांनीही ध्यानात ठेवावी. सभेच्या तासातील निदान पंधरा मिनिटे खुर्चीतून हात न टेकता उठणे, भिंतीजवळ उभे राहून तोल सांभाळणे अशा गोष्टी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करून घ्याव्यात.

एखाद्या उपायाने फायदा झाला नाही, असा निष्कर्ष सांगण्याचा संकोच पुष्कळ संशोधकांना असतो. माझ्या मते ज्येष्ठांना अशा निष्कर्षांचा उपयोग सर्वांत जास्त होतो. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९,११४ धडधाकट वृद्धांवर, ज्यांतील बहुतेक सत्तरीपुढचे होते, ‘अ‍ॅस्प्री’ ही चाचणी झाली आणि २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेतल्याने अपंगत्वाविना जगण्याचा काळ वाढला नाही. सुमारे पावणेपाच वर्षांत मोठा रक्तस्राव मात्र हजारात २८ ऐवजी ३८ जणांना झाला. शेजाऱ्याची गोळी पाहून स्वतःच ती सुरू करणारे लोक आपल्या प्रत्येक सभेत असतात, म्हणून हे सांगितलेच पाहिजे. परंतु ज्यांना आधी हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला होता, अशी माणसे त्या चाचणीत घेतलेलीच नव्हती. हे सांगायचे राहिले, तर अँजिओप्लास्टी झालेले एखादे आजोबा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करतील. म्हणून अभ्यासात कोण नव्हते हे सुरुवातीलाच सांगावे आणि शेवटी माइक खाली ठेवण्यापूर्वी पुन्हा एकदा सांगावे.

स्मृतिभ्रंशाविषयी बोलताना याहून अधिक जपावे लागते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे चौदा घटक मांडले आणि ते सगळे दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा अंदाज दिला. हा आकडा संपूर्ण लोकसंख्येचा आहे. एका माणसाने पथ्ये पाळली म्हणजे त्याचा धोका बरोबर तेवढाच उतरेल, असा त्याचा अर्थ होत नाही. श्रोत्यांत नवऱ्याचे सगळे अंथरुणात करणाऱ्या, आईला स्वतःचे नावही आठवेनासे झालेले पाहणाऱ्या स्त्रिया बसलेल्या असतात. ‘हा आजार टाळता येतो’ असे वाक्य त्यांच्या कानांवर गेले की आपलेच काहीतरी चुकले, असे त्या समजतात. त्या चौदा घटकांत लहानपणी शिक्षण कमी मिळणे हाही एक घटक आहे. चौथीतच शाळा सुटलेल्या पंचाहत्तर वर्षांच्या बाईंना तो त्यांचा धोका म्हणून ऐकवणे मला क्रूरपणाचे वाटते. नातीचे शिक्षण थांबू नये यासाठी तो सांगावा आणि स्वतः त्यांच्यासाठी आज करता येण्याजोग्या गोष्टींवर वेळ द्यावा. मोतीबिंदूची तपासणी, ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र, रक्तदाब व साखरेवर लक्ष आणि माणसांत मिसळणे या त्या गोष्टी होत.

परदेशी माणसांवरचे निष्कर्ष आपल्याला लागू पडतात का, हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. भारताचा स्वतःचा मोठा अभ्यास मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने चालवला आहे. ‘लासी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पाहणीच्या पहिल्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती घेतली गेली आणि जानेवारी २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. आपल्याकडील परिस्थिती कशी आहे हे त्यातून चांगले दिसते. मात्र एकाच फेरीच्या माहितीवरून कशामुळे काय झाले हे ठरवता येत नाही आणि हे श्रोत्यांना स्पष्ट सांगण्यास हरकत नसते. दहा हजार पावलांचा प्रश्नही कोणीतरी विचारतेच. तो आकडा १९६०च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या यंत्रामुळे रूढ झाला. साठीपुढील लोकांत मृत्यूचा धोका साधारण सहा ते आठ हजार पावलांपर्यंत घटत जातो आणि पुढे फारसा घटत नाही, असे पंधरा अभ्यासांच्या २०२२ मधील एकत्रित विश्लेषणात दिसले.

आता बातमीविषयी. ज्यांनी आपल्याला तासन्‌तास उत्तरे दिली, रक्त दिले, घरात येऊ दिले, त्यांना स्वतःच्या अभ्यासाचा निष्कर्ष पेपरात वाचून कळावा, हे मला मुळीच मान्य नाही. पहिली सभा त्यांचीच घ्यावी आणि शक्य असल्यास जेथे मोजमापे झाली त्याच जागी घ्यावी. जे दरम्यानच्या काळात वारले, त्यांच्या घरी पत्रक नेऊन द्यावे. पत्रक एकाच पानाचे आणि ठळक, मोठ्या अक्षरांत असावे. छापण्यापूर्वी संघातील तीन-चार सभासदांना, ज्यांत एकजण तरी फारसे न शिकलेले असावे, ते मोठ्याने वाचून दाखवावे किंवा त्यांच्याकडून वाचून घ्यावे आणि काय समजले ते त्यांच्याच शब्दांत सांगण्यास सांगावे. ज्या वाक्याचा अर्थ त्यांनी वेगळा लावला, ते वाक्य बदलावे, मग ते शोधनिबंधातून जसेच्या तसे आलेले असले तरीही. वृत्तपत्राला देण्याची टिपणी या सुधारलेल्या पत्रकावरूनच तयार करावी आणि सहभागींची सभा झाल्यानंतरच ती पाठवावी.